किनाऱ्याचे तुकडे

सरकारी शाळेतली चित्रकला शिक्षिकेची नोकरी संपली, दिल्लीतलं सरोजिनी नगरचं क्वार्टर सुटलं आणि हेमलता मुलाच्या द्वारकेच्या नव्या फ्लॅटमध्ये राहायला आली. टेम्पोत सामान चढलं. एक चित्र मात्र तिने मांडीवर धरून आणलं.

एकोणिसाव्या शतकातल्या एका इंग्रज चित्रकाराचं ते एचिंग, आम्लाने कोरलेल्या पत्र्यावरून कागदावर उतरवलेला छाप. विशीत असताना, हात बसावा म्हणून, त्याने तांब्याच्या पत्र्यावर समुद्रकाठची टिपणं कोरली होती. एकाच कागदावर उलथी होडी, जाळं विणणारा म्हातारा, टोपलीवाली बाई, खडकावर झोपलेलं कुत्रं. कोपऱ्यात एक लाट फसली होती. आम्ल जास्त चढून तिथे नुसता काळा डाग उरला होता. तिच्या कॉलेजच्या सरांनी दिल्ली सोडताना चित्र तिच्या हातात दिलं, तेव्हा त्या डागावरच बोट ठेवलं होतं. "हा बघत जा. इथे तो अजून शिकतोय."

बहिणीच्या ऑपरेशनसाठी ती नागपूरला गेली, ती महिन्याने परतली. स्टेशनवर सुजय खुशीत होता.

"आई, घरी सरप्राइज आहे!"

हॉलची भिंत विटकरी झाली होती. तिच्यावर सोनेरी चौकटी: होडी वेगळी, म्हातारा वेगळा, बाई वेगळी, कुत्रं वेगळं.

"कापलंत?" हेमलताने विचारलं.

"डिझायनरची आयडिया," सून प्रणिता म्हणाली. "एवढासा कागद या भिंतीवर हरवत होता. आता कसा उठाव आलाय ना, आई?"

"आणि लाट?"

"कुठली लाट?" सुजयने आठवून पाहिलं. "अच्छा, तो कोपरा! अगं, तो तर खराबच होता. फेकला."

लहानपणी याच मुलाला मांडीवर घेऊन ती सांगायची, म्हातारा त्या टोपलीवाल्या बाईची वाट बघतोय. आता म्हातारा चौकटीच्या कडेकडे बघत होता.

रविवारी सुजयच्या गुडगावच्या ऑफिसातले लोक जेवायला आले. साहेबांच्या बायकोला टोपलीवाली फार आवडली. "कितनी प्यारी है!"

"तो रख लीजिए, मॅडम," म्हणत सुजयने ती लगेच काढून दिली. आईकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही.

हेमलता उठली. तिने होडी उतरवून समोर बसलेल्या एकाच्या हातात ठेवली, म्हातारा दुसऱ्याच्या, कुत्रं तिसऱ्याच्या. "ले जाइए," ती हसून म्हणत होती, "बिल्कुल ले जाइए." पाहुणे संकोचले, मग खूश झाले.

दार लागताच सुजय भडकला. "आई, काय केलंस हे? पूर्ण सेट होता तो!"

"एक चित्र होतं, सुजय."

"पण आम्ही तुझ्यासाठीच केलं होतं ना! तुझी वस्तू सगळ्यांना दिसावी म्हणून!"

तो खोटं बोलत नव्हता. हेमलताला सूड घेतल्याचं समाधानही मिळालं नव्हतं. शेवटचे तुकडे तिने स्वतःच्या हाताने वाटून टाकले होते.

दुसऱ्या दिवशी प्रणिताने डिझायनरला फोन केला. त्या भिंतीवर मोठा आरसा लावायचं ठरलं. माप घ्यायला माणूस आला, तेव्हा घरात दुसरं कोणी नव्हतं.

"माताजी, जरा ये सिरा पकड़िए," तो म्हणाला.

हेमलताने टेपचं टोक भिंतीला टेकवून धरलं.