कोटाच्या खिशातली नोटीस

पैज अगदीच खुळचट होती. मी म्हणालो, कंपनीची नोटीस ताईच्या लाँड्रीत येणारच नाही. समोरचा शिंपीमास्तर म्हणाला, येणार. हरेल त्याने कंपनीचा तो जाहिरातीचा फेसाच्या फुग्याचा पोशाख घालून भर दुपारी चौकात नाचायचं.

ताईची लाँड्री माझ्या घड्याळदुरुस्तीच्या टपरीला लागून. नाव, पाटी, यंत्रं कंपनीची, घाम ताईचा. करार पाच वर्षांचा. कंपनीचा साहेब फोनवर तीनदा म्हणाला होता, "पुढे तुम्हाला ठेवणार नाही." बिचारी ताई झोपेतही घड्या घालायला लागली होती. मग मी चष्मा लावून करार वाचला. तोंडी बोलण्याला काडीची किंमत नाही. मुदत संपायच्या नव्वद दिवस आधी लेखी नोटीस, ताईच्या हातात, तिची सही घेऊन. नाहीतर आणखी पाच वर्षं आपोआप. नोटीस द्यायचा शेवटचा दिवस हा शुक्रवार.

"आणि आली तर?" ताईने विचारलं.

"तर मी नाचेन."

"तुम्ही नाचाल हो, भाऊ. मी कुठे जाऊ?"

मी करार पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला घेतला.

मंगळवारी दुपारी साहेब स्वतः आला. इस्त्रीची वाफ छतापासून हळूहळू खाली उतरत होती. दांडीवरचे पांढरे शर्ट डुलत होते, जणू माणसं अंग घरी ठेवून नुसती फिरायला निघालीत. यंत्राची घुंई घुंई. साहेबाचे डोळे जड झाले. तेवढ्यात माझ्या हातातला चहा त्याच्या तपकिरी कोटावर सांडला. चुकून. शपथ घेऊ?

"काढा तो, डाग बसेल," ताई म्हणाली. त्याने लहान मुलासारखे हात वर केले. मग बाकावर बसून शर्टांकडे बघत राहिला, स्वतःशीच हसला आणि तरंगत तरंगत निघून गेला.

शुक्रवार सरला. शनिवारी साहेब कोट न्यायला हजर.

ताईचा एक नियम आहे. खिशात सापडेल ते उघडायचं नाही, वाचायचं नाही. पिशवीत घालून सहीवर परत. साहेबाने सही ठोकली, पिशवी उघडली. एक कंगवा आणि कंपनीचा शिक्का असलेलं बंद पाकीट.

"अहो, ही तर तुमची नोटीस! मंगळवारी दिली की मी! तुम्ही सही केलीत, सगळ्या शर्टांनी टाळ्या वाजवल्या..."

"शर्टांनी?" मी विचारलं.

साहेब मटकन बाकावर बसला. "बरं, आता घ्या."

"आज शनिवार, साहेब." मी एक बोट करारावर ठेवलं, दुसरं ताईच्या वहीवर: 'एक बंद पाकीट, न उघडता परत मिळालं.' खाली त्याचीच सही, शाई अजून ओली.

तो कोट हातावर टाकून गेला. ताई इस्त्रीच्या टेबलाला टेकून हसत सुटली, मग डोळे पुसत सुटली.

मास्तर मात्र टेप गळ्यात घालून दारात उभा. "नोटीस मंगळवारी लाँड्रीत आली की नाही?"

"आली, पण..."

"ताईच्या हातात देण्याची पैज नव्हती. लाँड्रीत येण्याची होती."

सोमवारी दुपारी ताईने पोशाखाला स्वतः इस्त्री करून दिली. फुग्याच्या दोन भोकांतून मला सगळा चौक वाफेत तरंगताना दिसत होता. "कंबर हलवा, भाऊ!" मास्तर ओरडला. हलवली.