पुलावरचा घोडा

माझा धाकटा दीर कॉम्प्युटरवरचे गेम लिहितो आणि मी त्यातल्या चुका शोधते. नोकरीला चिकटवलं त्यानंच, म्हणून ते उपकार रोज चहाबरोबर ऐकवतो. ऐकवू दे मेल्याला. दिवसभर त्या घरातून बाहेर काढणारं माझ्याकडे दुसरं काही नव्हतं.

नव्या गेममधला घोडा पुलावर आला की कधीकधी धाडकन नदीत. मी कितीदा पाहिलं! पण आमच्या ऑफिसचा नियम असा, की चूक साहेबांसमोर दाखवायची आणि तीही रेकॉर्डर लावून. गेमच्या पोटात काय चाललंय ते हा रेकॉर्डर टिपतो. तो लावला, की घोडा ऐटीत पलीकडे! डॉक्टरसमोर बसलं की दाढ दुखायची थांबते ना, तसं.

"वहिनी, घोडा ठीक आहे, तुमचंच डोकं ठिकाणावर नाही," दीर सगळ्यांदेखत म्हणाला. सगळे खिदळले.

"पुन्हा वेळ घालवलात तर घरीच बसा," साहेब म्हणाले.

अस्सा संताप आला! हट्टानं खेळत बसले आणि शेवटी ट्यूब पेटली. घोडा जवळ आला की गेम आयत्या वेळी पूल उभा करतो; रेकॉर्डरमुळे घोडा किंचित मंदावतो, तेवढ्यात पूल तयार होतो. रेकॉर्डर नसला की कधीकधी घोडा आधी पोचतो, पूल नंतर.

"साहेब, तो रेकॉर्डर बंद करून बघा," मी म्हणाले. त्यांनी केला. घोडा धाडकन नदीत! दीर पांढराफटक पडला, कारण पूल त्यानंच लिहिलेला. जिवाला काय गार वाटलं म्हणून सांगू!

"दुरुस्तीला किती दिवस?" साहेबांनी त्याला विचारलं.

"सांगता येत नाही," तो चाचरला. "पुलाला हात लावला तर बोटी, दारं, सगळंच बिघडेल. सगळं एकमेकांत गुंतलंय."

साहेबांनी जरा विचार केला. "मग रेकॉर्डर आतच राहू दे. तसाच विकू. गेम थोडा हळू चालेल, कुणाला कळतंय?" मग माझ्याकडे वळून गोड हसले. "शाब्बास हं, बाई! आता चूक दिसणारच नाही. मग शोधणारी कशाला हवी?"

संध्याकाळी दीर शीळ घालत घरी आला.

"वहिनी, आता काय, मोकळ्याच आहात. चहा टाका."

टाकला. कप तेवढा आदळून ठेवला.