हात न लागलेल्या पत्रिका

छापखान्यातलं यंत्र सकाळी साडेआठला सुरू व्हायचं. त्याआधी वहिनी आपल्या फळीवर चढून उभ्या असायच्या. त्यांचा नवरा याच यंत्रावर मशीनमन होता. तो गेल्यावर मालकांनी त्यांना कागद लावायच्या कामावर घेतलं, त्याला आता सोळा वर्षं झाली. मशीनमनची बायको म्हणून सगळे वहिनी म्हणायचे, ते तसंच राहिलं. काम सांगायला सोपं होतं. शिशाच्या उलट्या अक्षरांचे खिळे जुळवून बांधलेला फर्मा खाली आडवा पुढे-मागे धावायचा, वर सिलिंडर फिरायचा आणि त्याचे चिमटे मिटायच्या आत कागद खुणेला टेकवायचा. तासाला हजार वेळा. दोन रंगांचं काम असलं की तोच कागद पुन्हा लावायचा आणि पहिल्या रंगाशेजारी दुसरा बरोबर बसवायचा. वहिनींच्या हातचा रंग केसभर सरकत नसे.

लग्नपत्रिकेचं काम आलं की मात्र त्यांच्या नवऱ्याच्या जागी आलेला मशीनमन, ज्याला सगळे मास्तर म्हणत, घसा खाकरायचा आणि गोदामात रिमं मोजायची राहिलीत वाटतं, असं कुणाकडेही न बघता म्हणायचा. रिमं कालच मोजलेली असायची. वहिनी उतरायच्या. पत्रिकेला विधवेचा हात नको, हे कुणी मोठ्यानं म्हटलेलं नव्हतं. तशी वेळच त्यांनी कधी येऊ दिली नव्हती. हंगामात तीन-तीन दिवस त्या गोदामात बसून काढत. भिंतीपलीकडून यंत्राचा आवाज येई आणि बदली माणूस कागद उशिरा लावतोय, हे त्यांना आवाजावरून समजे. डबाही त्या तिथंच खात. मुलगी दूरच्या शहरात नर्स होती, वसतिगृहात राहायची. त्यामुळे घरी गेल्यावरही बोलायला कुणी नसे. गोदाम आणि घर यांत फरक एवढाच, की घराला खिडकी होती.

मग नवं यंत्र आलं. जुनं भिंतीकडे सरकवलं, किरकोळ कामांसाठी. नव्याला रबरी नळ्या होत्या. त्या हवा ओढून गठ्ठ्यातला वरचा कागद उचलत, पट्ट्यांवरून नेऊन खुणेला लावत. दोन रंग एकाच फेरीत बसत आणि छापलेले कागद पलीकडे आपोआप रचले जात. आठवडाभर सगळे त्याच्याभोवती घुटमळले. मास्तरनं त्याचं नाव जावईबापू ठेवलं, कारण सगळं हातात द्यावं लागतं आणि तरी केव्हा रुसतील याचा नेम नाही.

मालकांनी वहिनींना बोलावलं. स्वारी खुशीत होती.

‘‘आता कागदाला कुणाचा हातच लागत नाही, वहिनी. लग्नाच्या कामालाही तुम्हीच उभ्या राहा. कोण काय बोलणार?’’

वहिनींना दिवसभर बरं वाटलं. संध्याकाळी घरी एकट्या जेवायला बसल्या तेव्हा मालक नेमकं काय म्हणाले ते त्यांच्या ध्यानात आलं आणि त्यांनी ताट बाजूला सरकवलं.

महिन्याभरात मुलीचं लग्न ठरलं. मुलगा तिनंच पसंत केला होता, पण पुढची बोलणी वहिनींच्या दिरानं हातात घेतली. पत्रिकेचा मजकूर घेऊन तो स्वतः छापखान्यात आला. मुलाकडची माणसं जरा कडक आहेत, तेव्हा वहिनींचा हात लागायला नको, असं त्यानं मालकांना हळूच सांगितलं. मालकांनी हसून नव्या यंत्राकडे बोट दाखवलं. दोघांचाही जीव भांड्यात पडला.

फर्मा यंत्रावर चढायच्या आधी वहिनींनी तो वाचला. उलटे खिळे उजवीकडून डावीकडे वाचायची त्यांना सवय होती. दिवंगत वडिलांचं नाव होतं. निमंत्रक म्हणून काका-काकू होते. चुलत भावंडांची रांग होती. आईचं नाव कुठंही नव्हतं. त्यांनी पुन्हा एकदा वाचलं, मग बाजूला झाल्या.

घोडं अडलं ते जाड कागदावर. कापताना गठ्ठ्यातल्या कागदांच्या कडा एकमेकींना चिकटल्या होत्या. नळ्या दोन-दोन कागद उचलायला लागल्या. लाल अक्षरांवरची सोनेरी रेघ कधी वर, कधी खाली पडू लागली. मास्तरनं नळ्या पुसल्या, हवा कमी केली, वाढवली, मग जावईबापूंच्या सात पिढ्या उद्धरल्या. दीर बाकावर बसून घड्याळ बघत होता. गठ्ठा वाकवून, कडेवरून अंगठा फिरवून कागद न् कागद सुटा करायचा असतो, हे छापखान्यात एकाच माणसाला नीट जमत होतं.

मालक वहिनींजवळ आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, ‘‘गठ्ठे गोदामात पाठवतो. तिथं बसून सोडवून द्या. कोण बघतंय?’’

सोळा वर्षांत पहिल्यांदा वहिनींनी लगेच मान हलवली नाही.

‘‘म्हणजे हात लागलेला चालतो, मालक. दिसलेला चालत नाही.’’ त्यांचा आवाज चढला नव्हता. ‘‘मी इथंच सोडवीन, भावोजींच्या समोर. आणि पत्रिकेवर तिच्या आईचं नाव घाला. खिळे जुळवायला पाच मिनिटं लागतात.’’

दिराच्या कपाळाला आठ्या पडल्या. ‘‘वहिनी, पोरीच्या सुखाचा तरी विचार करा,’’ एवढं बोलून त्यानं टेबलावरच्या फोनवरून पुतणीला गाठलं, सगळं आपल्या परीनं सांगितलं आणि रिसीव्हर वहिनींच्या हातात दिला.

 मुलगी म्हणाली, ‘‘आई, एकाच दिवसाचा तर प्रश्न आहे. नको ना ताणूस.’’

‘‘तुला नको असेन तर मी लग्नाला येणार नाही,’’ वहिनी म्हणाल्या. ‘‘पण लपून तुझी पत्रिका करणार नाही.’’

त्यांनी फोन खाली ठेवला. दिरानं मजकूर आणि कागद उचलला आणि तो दुसऱ्या छापखान्याच्या शोधात निघून गेला. मालक वहिनींशी दोन दिवस बोलले नाहीत. मास्तरनं एकदा चहाचा कप आणून फळीच्या कडेवर ठेवला. पुढची पत्रिका आली तेव्हा त्यानं सवयीनं घसा खाकरला. वहिनी हलल्या नाहीत. गिऱ्हाइकाला त्यांनीच सांगितलं, की गठ्ठे सोडवून कागद मी लावते, माझे यजमान वारलेत, चालत असेल तर काम ठेवा. ते गिऱ्हाईक गेलं. दुसरंही गेलं. तिसऱ्यानं काम ठेवलं, पण नजर वर केली नाही. मुलीचा फोन आला नाही. रोज संध्याकाळी वहिनी कुलूप उघडायच्या, दिवा लावायच्या आणि एकाच ताटाचा स्वयंपाक करायच्या.

नवव्या दिवशी भर दुपारी मुलगी छापखान्याच्या दारात उभी राहिली. हातात तिच्याच अक्षरातला मजकूर होता. वडिलांच्या नावाशेजारी आईचं नाव होतं, आणि निमंत्रक म्हणून एकट्या आईचं.

‘‘काकांच्या पत्रिका मी थांबवल्या,’’ ती म्हणाली. ‘‘माझ्या होणाऱ्या नवऱ्याला पटलंय. त्याच्या आईला नाही पटलेलं, कदाचित पटणारही नाही. काका-काकूही येणार नाहीत.’’

‘‘किती छापायच्या?’’ वहिनींनी विचारलं. 

‘‘येणारी माणसं पन्नाससुद्धा नसतील.’’

पन्नास प्रतींसाठी नवं यंत्र लावत नाहीत. ते जुळवण्यातच त्याहून जास्त कागद वाया जातो. मास्तरनं निमूटपणे जुन्या यंत्रावर फर्मा चढवला. वहिनी फळीवर चढल्या. आधी लाल, मग शाई वाळल्यावर सोनेरी. एकेक पत्रिका दोनदा त्यांच्या बोटांखालून गेली. मुलगी शेजारी उभी राहून छापलेली पत्रिका उचलून ठेवत होती. 

तेवढ्यात काउंटरपाशी एक गृहस्थ आले. आपल्या मुलाच्या लग्नाचा मजकूर त्यांच्या हातात होता. पत्रिका लावणारी ही बाई कोण, असं त्यांनी मालकांना विचारलं. मालकांनी आधी गोदामाच्या दाराकडे पाहिलं, मग फळीकडे.

‘‘नवरीमुलीची आई,’’ ते म्हणाले. ‘‘विधवा आहेत. आमच्याकडे कागद त्याच लावतात.’’

गृहस्थ तिथंच थांबले. यंत्र चालू होतं. त्यांनी मजकूर काउंटरवर ठेवला नव्हता आणि खिशातही घातला नव्हता.