आत्मारामच्या कण्यातली शीर

मी आत्मारामच्या पाठीच्या कण्यातली एक शीर बोलतेय. हसताय काय? सदुसष्ट वर्षं मला कुणी विचारलं नाही, आता ऐका. शिक्षण म्हणाल तर चौथी. मास्तरांच्या खुर्चीला फणसाचा चीक फासून आत्माराम शाळेतून पळाला, मग मी एकटी काय शिकणार?

देवरूखजवळच्या आमच्या वाडीत त्यानं खोडी काढली नाही असं माणूस नाही. मीही तसलीच खोडकर. काम हलकं, वापरलेलं रक्त परत न्यायचं. शेजारी मज्जारज्जू, पायांना हुकूम सोडणारा मोठा साहेब. "काय साहेब, आज कुठं पाठवताय पायांना?" असं मी त्याला डिवचायची.

शिमगा झाला नि भलतंच घडलं. जवळच्या धमनीनं माझ्यात चोरवाट काढली. तिचं जोराचं रक्त माझ्या अंगात घुसलं. मी फुगले ती फुगलेच. हाडाच्या नळीत जागा ती किती? साहेब माझ्याखाली चेंगरला.

आत्मारामचे पाय लटपटू लागले. बायको येसूबाई म्हणाली, "पुरे तुमची सोंगं! गेल्या साली पण भातलावणीच्या वेळी लंगडत होतात."

"अगो, आता खरा सांगतोय गो!"

कोण ऐकणार? पाठीत उसण भरली असेल म्हणून तिनं शेजारच्या गोदाला बोलावलं. गोदा पायाळू, जन्मताना पाय आधी आलेले. तशा माणसानं लाथ मारली की उसण जाते म्हणे. आत्माराम ओटीवर पालथा. गोदानं पदर खोचून पाय उचलला.

मी आतून ओरडले. गोदे बाय, नको! मी फुटले तर साहेब संपला, ह्याचे पाय संपले. जन्मात पहिल्यांदा मला चेष्टा सुचेना.

"थांब गो जरा," येसूबाई म्हणाली. "आधी ह्यांचं सोंग उघडं पाडते." तिनं खराट्याची एक हीर, बारीक काडी, काढून त्याच्या तळव्यावरून फिरवली. नुसतं बोट दाखवलं तरी खिदळणारा हा माणूस. हीर फिरत राहिली.

थोड्या वेळानं आत्माराम म्हणाला, "कधी करतेस गो गुदगुल्या?"

येसूबाईचा हात थांबला. "गोदे, पाय खाली ठेव."

मग रत्नागिरीला पाठीचे फोटो काढले, तिथून मुंबईचं इस्पितळ. जांघेतून बारीक नळी घालून चोरवाट बुजवणार आहेत. "चालतील ना हे?" येसूबाईनं विचारलं. डॉक्टर म्हणाले, "आणखी बिघडू नये म्हणून करतोय. उशीर झालाय, आजी."

आता नळी वर सरकतेय. डॉक्टर, बुजवा ती वाट. मी आक्रसेन, साहेबावरून उठेन, पुन्हा कुणाला डिवचणार नाही. पण बाहेर बाकावर येसूबाई बसलीय, तिच्या पिशवीत ती हीर आहे. उद्या ती तळव्यावरून फिरवेल, आणि कुणी हसलंच नाही तर?