हात कुठे ठेवायचे

लिओनार्ड वोइचिक अठ्ठावीस वर्षं मिशिगनमधल्या आमच्या गावात पोलीस होता. निवृत्तीनंतर तो दर शनिवारी चर्चच्या तळघरात पिस्तुलाच्या परवान्याचा वर्ग घेई. त्याची मतं गावाला पाठ होती. सज्जन माणसाजवळ पिस्तूल असावं, आणि पोलिसाचे हात कायद्यानं बांधू नयेत.

त्या शनिवारी आम्ही सहाजण होतो. पुढे ओडेसा पेटवे बसली होती. ती इस्पितळात परिचारिका. दोनदा तिच्या घरात चोर शिरले होते, म्हणून आली होती.

"पोलिसानं गाडी थांबवली, तर दोन्ही हात स्टिअरिंगवर," लिओनार्ड म्हणाला. "आधी सांगायचं, साहेब, माझ्याकडे पिस्तूल आहे, परवानाही आहे. आपल्याकडे तसा कायदाच आहे."

"आणि त्यानं परवाना मागितला तर? तो पर्समध्ये, पिस्तूलही पर्समध्ये," ओडेसा म्हणाली.

"ही चूक सगळेच करतात. कागद वर, काचेवरच्या ऊन अडवायच्या पट्टीमागे ठेवा. हात हळू न्या."

"मी काळी आहे, सार्जंट. माझं हळू त्याला हळू दिसेल का?"

ओडेसानं खुर्ची मधोमध ओढली. "करून दाखवा. ही माझी गाडी. तुम्ही पोलीस."

"पट्टा लाव गं, नाहीतर त्यावरूनच पकडेल," मागून म्हातारा हॅरल्ड म्हणाला. आम्ही हसलो.

ओडेसानं हात हवेत धरले. रुग्णाशी बोलावं तशा आवाजात तिनं पिस्तूल असल्याचं ते वाक्य म्हटलं.

"लायसन्स दाखवा," लिओनार्ड म्हणाला.

तिचा उजवा हात वर सरकला, आणि लिओनार्डचा कमरेकडे गेला. तिथे आता पिस्तुलाऐवजी चष्म्याची डबी होती.

"पुन्हा," ती म्हणाली.

दुसऱ्या वेळीही तेच झालं. तिसऱ्या वेळी त्यानं हात मुद्दाम खिशात घातला, तरी तो बाहेर आलाच. मग लिओनार्ड खाली बसला.

"अकरा वर्षांपूर्वी माझ्या गस्तीवरच्या जोडीदारानं एकाला गोळी घातली," तो म्हणाला. "त्या माणसानं आधीच सांगितलं होतं पिस्तूल आहे म्हणून. मी अहवालात लिहिलं, 'हात कमरेकडे गेला.' आम्ही सगळे हेच लिहायचो. एवढं लिहिलं की पुढे कोणी विचारत नसे."

"हात खरंच कुठे गेला होता?"

"पाकिटाकडे. पाकीट मीच मागितलं होतं."

"अरे, पण पोलिसालाही घरी जायचं असतं ना, लेनी," हॅरल्ड लिओनार्डला हळूच म्हणाला.

"असतं. म्हणून तर तसं लिहिलं."

ओडेसानं खुर्ची जागेवर ठेवली. "मग मी रस्त्यात काय करू, ते सांगा. मला फक्त कामावरून घरी पोचायचंय."

लिओनार्ड म्हणाला, "सांगितलं नाहीत तर कायदा मोडतो. सांगितलंत तर... मला माहीत नाही, बाई. अठ्ठावीस वर्षांनंतरही माहीत नाही."

"बरं. माझ्या प्रमाणपत्रावर सही तरी करा."

त्यानं सही केली. पुढच्या शनिवारपासून वर्ग बंद झाला.

ओडेसाला परवाना मिळाला. पिस्तूल मात्र ती घरी, कपाटात ठेवते, आणि कामावर रिकाम्या पर्सनं जाते. तिच्याकडे चोर येतात ते ती कामावर असतानाच.