कुनिओची नाळ

फुमीचा ताप उतरेना, डॉक्टरांनीही हात टेकले, तेव्हा तिच्या आईने, तोमेने, लेकीच्या नाळेची लाकडी डबी काढली. जन्माची नाळ जपायची ती अशाच वेळी ज्याची त्याला उकळून पाजायला. पण आतल्या कागदावर नाव होतं कुनिओचं! लढाईवर निघालेला पोरगा सुखरूप परतावा म्हणून तिनेच घाईघाईत त्याच्या कमरेला त्याची सोडून चुकून बहिणीची डबी बांधली होती.

"जळ्ळी मेली माझी अक्कल!"

कुनिओ जहाजासकट बुडाला. अस्थीसुद्धा आल्या नाहीत, थडगं रिकामंच. त्याच्या देहाचं एवढंच उरलं होतं, करंगळीएवढं, वाळलेलं.

"आई, झाला का गं काढा?" फुमी कण्हली.

तोमेने नाळ उकळत्या पाण्यात सोडली. मग वाटी लेकीच्या ओठांशी धरली.

"पी बाळा. दादा आलाय तुझा."