नावं कापणारी कात्री

मित्रांनो, मी एक जुनी कात्री आहे आणि एका कात्रीला माहीत असू नयेत इतकी गुपितं मला माहीत आहेत. आधीच सांगते, नावं विचारू नका. नावं कापणं हे माझं काम आहे, सांगणं नव्हे.

दोन पात्यांना एका स्क्रूनं जखडलं तेव्हा माझा जन्म झाला. तेव्हापासून माझी पाती एकमेकींशी भांडत आली आहेत आणि त्या भांडणातूनच माझं काम होत आलं आहे. सुरुवातीला मी रेल्वेच्या पार्सल ऑफिसात होते. दिवसाला शंभर गाठोड्यांची सुतळी कापायचे. काय माझी धार होती! पुढं ते ऑफिस बंद झालं आणि मी एका खणात पडले. मग ज्याला जे हवं त्यासाठी त्यानं मला वापरलं. कोणी तार तोडली, कोणी रंगाच्या डब्याचं झाकण उचकटलं. एका बड्या बाबूंनी माझ्याकडून मिशाही कोरून घेतल्या. मिशा झकास झाल्या, माझी मात्र रया गेली.

मग एके दिवशी रेल्वेच्या यार्डाशेजारी एक छोटी खोली उघडली. दारावर पाटी लागली : ‘थोडक्यात टळलं? इथं सांगा.’ खोलीत एक बाई आल्या. त्यांना सगळेच मावशी म्हणत. त्यांनी मला खणातून काढलं, पुसलं आणि टेबलावर मानानं ठेवलं.

इथलं काम असं होतं. अपघात झाला की चौकशी होतेच. पण होता होता राहिलेला अपघात माणसं गुपचूप गिळून टाकतात, कारण स्वतःची चूक स्वतःच सांगून नोकरी कोण धोक्यात घालणार? म्हणून इथं एक कागद भरायचा. वरच्या पट्टीवर नाव आणि फोन, खाली काय घडलं ते. मावशी हवं ते विचारून घ्यायच्या, मग मी वरची पट्टी कापायची आणि ती ज्याची त्याला परत द्यायची. बिननावाचा कागद सुरक्षा समितीकडं जायचा. शिक्षा कोणालाच नाही.

पहिले पंधरा दिवस चिटपाखरू फिरकलं नाही. नंतर आले त्यातल्या चौघांनी कँटीनच्या चहाबद्दल लिहिलं. एकानं लिहिलं, ‘काल सासूबाई महिनाभर राहायला येणार होत्या. त्यांची गाडी चुकली. थोडक्यात टळलं.’ मावशी इतक्या हसल्या की चष्मा चहात पडला. तरी त्याची पट्टी त्यांनी मला कापायला लावलीच. नियम म्हणजे नियम.

आणि मग एका दुपारी पैलवान आला. हे त्याचं खरं नाव नाही, तेवढी सचोटी माझ्यात आहे. पैलवान यार्डातला मुकादम. त्यानं हात दाखवला की इंजिन डबे ढकलतं, हात आडवा केला की थांबतं. ऑफिसच्या भिंतीवर त्याचा फोटो होता, खाली ‘एकतीस वर्षं, एकही चूक नाही’. तो बसला तशी खुर्ची कण्हली. आपण एका मित्राबद्दल सांगायला आलोय म्हणाला. मावशी म्हणाल्या, मग मित्रालाच पाठवा की. पैलवाननं उठून दार लोटलं.

“मावशी, तो मित्र मीच.”

घडलं होतं ते असं. उभ्या डब्याखाली कोणी दुरुस्ती करत असेल तर डब्याच्या डाव्या कोपऱ्याला लाल पाटी टांगतात. पैलवाननं नेहमीप्रमाणं डावीकडं पाहिलं, पाटी नव्हती, त्यानं हात दाखवला. पाटी होती, पण उजवीकडं. आणि डब्याखाली होता फिटर, पैलवानचा सख्खा साडू. धक्का बसायच्या आत तो लोळत बाहेर आला. त्याचा जेवणाचा डबा मात्र चाकाखाली चपटा झाला. साडू म्हणाला, ब्रेकच आपोआप सुटला. तेव्हापासून तो यार्डभर स्वतःच्या चपळाईच्या गोष्टी सांगत सुटला होता, आणि रोज त्याची उडी हातभर लांबत होती. घरी बायको पैलवानला म्हणाली, भाऊजींसारखी चपळाई तुमच्यात असती तर! पैलवान खाली मान घालून जेवला.

“सांगितलं आणि साहेबांना कळलं तर माझा फोटो उतरेल,” तो म्हणाला. “नाही सांगितलं तर उद्या आणखी कोणीतरी डावीकडंच बघेल.”

तारीख, पाळी, लाइनचा नंबर, ओळख पटेल असं सगळं मावशींनी वगळायला लावलं. मग त्यांनी मला उचललं. मी निम्मी पट्टी कापली आणि त्याच क्षणी बाहेर साहेबांचे बूट करकरले.

मी अडकले.

मित्रांनो, तो वाळलेला रंग! कोणे एके काळचं ते झाकण माझ्या स्क्रूत येऊन बसलं होतं. मावशी जोर लावतायत, बूट जवळ येतायत आणि पैलवानचं नाव अर्धं लोंबकळतंय. तेवढ्यात पैलवाननं ग्रीसनं बरबटलेलं बोट माझ्या स्क्रूवर दाबून फिरवलं. कच्च! पट्टी सुटली, दार उघडलं, आणि खिसा गाठायला वेळ नाही म्हणून पैलवाननं ती तोंडात टाकली.

“दात दुखतोय त्यांचा,” मावशी म्हणाल्या.

साहेबांनी कागद उचलून वाचला. चेहरा लालबुंद झाला. “बघा मुकादम. जागेवर तुमच्यासारखा माणूस असता तर असं झालं असतं का?”

पैलवाननं स्वतःचं नाव गिळलं.

साहेब मावशींकडं वळले. निदान पहिलं अक्षर तरी सांगा म्हणाले.

“साहेब, मी कात्री चालवते, तोंड नाही.”

आठवड्यात हुकूम निघाला : लाल पाटी दोन्ही कोपऱ्यांना. फोटो जागेवरच राहिला.

त्यानंतर चार दिवसांनी खोलीत कोण यावं? साडू. दोनदा उठून दारापर्यंत गेला, परत येऊन बसला. मग म्हणाला, पाटी टांगायचा डावीकडचा आकडा मोडला होता, दुरुस्त करायचा कंटाळा केला, पाटी उजवीकडं टांगली. ब्रेकचं खूळ आपणच उठवलं.

“आमच्या साडूंना कळलं ना, तर घरात तोंड दाखवायला जागा नाही,” तो म्हणाला. “एकतीस वर्षांत एक चूक नाही त्या माणसाची.”

मावशींचा चेहरा दगडासारखा होता. फक्त त्यांच्या हातात मी गदगदा हलत होते. पट्टी वाकडी कापली गेली.

आता रोज दुपारी दोघं आमच्या खिडकीखाली जेवतात. नव्या पोरांना दोघंही एकच सांगतात, दोन्हीकडं वाकून बघा. समोरचा एवढं जीव तोडून का सांगतोय, हे दोघांनाही कळत नाही.

मित्रांनो, कात्रीनं रंगाचे डबे उघडू नका, आणि तिच्या स्क्रूला महिन्यातून थेंबभर तेल द्या. कोणी चूक कबूल करायला आलं, तर नाव विचारण्याआधी खुर्ची द्या. बरं, आता मी थांबते. मावशी हात पुसतायत, आणि दाराबाहेर कोणीतरी मघापासून एकाच बुटाची नाडी बांधतोय.